टॅनर ओढ्याच्या वळणावरची पिल्लं

सभेच्या अध्यक्षा आदरणीय रोडाबाई होस्टेटर, व्यासपीठावरचे पास्टर वीव्हर, हा हॉल आपल्यासाठी उबदार ठेवणारी अग्निशमन दलाची मंडळी, आमच्या मासेमारी क्लबचे सभासद, आणि जिच्यासाठी आज आपण सगळ्यांनी इस्त्रीचे शर्ट घातले ती नेटा ग्रोफ,

आधी ख्यालीखुशाली. रोडाबाई, गुडघा कसा आहे? जिना चढताना हसत होतात, पण कठडा काही सोडत नव्हता. पास्टर, खोकला गेला ना? रविवारी प्रवचन लवकर आटोपलंत, तेव्हा काळजी वाटली आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मर्ल झूक, तुझी कंबर? खिडकीकडं काय बघतोस? बरं. नेटा, तुला मी विचारत नाही. उद्या ॲरिझोनाला लेकीकडे कायमची निघालेल्या बाईला झोप लागली का, हे काय विचारायचं असतं?

कोंबडी-मक्याचं सूप संपलं. आता केक, आणि केकनंतर मतदान. म्हणूनच सूप इतक्या मुकाट्यानं प्यायलं गेलं ना? करवत गिरणीच्या पुलापासून वळणापर्यंतच्या पाण्यात येत्या मार्चमध्ये ट्रकनं गळासाठी पोसलेले ट्राउट मासे सोडायचे, की तेवढं पाणी तिथंच जन्मलेल्या पिल्लांना राखायचं, एवढाच प्रश्न. पण त्यापायी सख्खे शेजारी आज हॉलच्या दोन टोकांना बसलेत.

गेल्या मार्चमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. तरी नीट सांगतो, कारण ते जो तो आपल्या सोयीनं सांगतो. माशांच्या पैदास केंद्राचा ट्रक गिरणीच्या पुलावर उभा. आपण बायकापोरांसकट बादल्या घेऊन रांगेत. आपला तो सणच. आणि दरवर्षी स्वतः ट्रक बोलावणारी ही नेटा त्याच ट्रकच्या तोटीला पाठ लावून उभी!

"नेटा, सरक. मासे गुदमरतील," मर्ल म्हणाला.

"खालच्या पुलाला ने. इथं ट्राउटची पिल्लं आहेत."

"पिल्लं कसली? ओढ्यातले नेहमीचे बारके मासे ते!"

तिनं लोणच्याची बरणी पुढं केली. आत बोटाएवढं पोर, कुशीवर काळसर ठशांची रांग, पर कुठंही झिजलेले नाहीत. केंद्रातल्या माशांचे पर सिमेंटच्या हौदात घासून बोथट होतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मर्लनं बरणी उजेडात धरून पाहिली.

"असतील ट्राउट. पण आली कुठनं? आपल्याच ट्रकच्या माशांची ना? मग फरक काय?"

"मग आजोबांना नातवंडं गिळायला कशाला सोडतोस?"

ट्रकवाला ओरडला, "काय ते लवकर ठरवा, टाकीतला प्राणवायू संपत आलाय!" पोरं रडायला लागली. मर्लचा हात तोटीवर, त्या हातापुढं नेटा. मला वाटलं, आता हा ढकलतो हिला. नाही ढकललं. ट्रक खालच्या पुलाला गेला.

त्यानंतर किती सभासदांनी क्लब सोडला, ते आठवत बसत नाही. नेटाच्या पायरीवर कुणीतरी मेलेला मासा टाकून गेलं. कुणी, तेही विचारत नाही. तिनं तो उचलला, पायरी धुतली, आणि शनिवारी ओढ्याची सफाई करायला आली.

परवा मी वळणावर बसलो होतो. तळाचे खडे शेवाळानं काळपट. मधेच परातीएवढी जागा धुतल्यासारखी फिकट. तिच्या पुढं आणखी एक, आणि आणखी. मादी शेपटीनं खडे झाडते आणि त्यांच्याखाली अंडी पुरते, त्या या जागा. पूर आला तर सगळं वाहून जाईल. पण आपलाच बूट पडला तर पुराची वाट कोण बघणार?

तेवढ्यात मर्ल आला. छातीपर्यंत रबरी कपडे, हातात गळ. याचा बाप जिथून ओढा ओलांडायचा, तिथंच हा थांबला. खालच्या फिकट खड्यांकडं पाहिलं. इकडंतिकडं पाहिलं. मी झुडपामागं होतो. मग हा माणूस मागं फिरला, दुखरी कंबर धरून काठ चढला आणि पार गिरणीच्या पुलावरून वळसा घालून पलीकडे आला.

मी विचारलं, "काय रे, एवढी पायपीट?"

"पाणी गार आहे," म्हणाला.

काय म्हणतोस मर्ल? खाली बसू? बसतो. केकनंतर हात कुठल्या बाजूनं वर करायचा, ते तुझं तू ठरव. पाय तर ठरवून मोकळे झालेत.

अध्यक्षबाई, वेळ दिलात, आभारी आहे. शाळा फार पाहिली नाही, तेव्हा कुणाला शब्द लागला असेल तर पोटात घाला. नेटा, मतदानाचा निकाल तुला आजच कळेल. पण मार्चमध्ये खड्यांमधून काही वर आलं की नाही, ते मी बघून लिहीन. चांगलं असो वा वाईट, जसं दिसेल तसं. तू मात्र उत्तर लगेच धाड. मी टपालपेटीपाशी उभा असेन.