समोरासमोरच्या खिडक्या

...आणि वर मलाच विचारतात, हे खिडक्यांचं खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून! अहो, माझ्या डोक्यात कशाला येईल? पडद्यावरचं बटण गोल असावं की चौकोनी, हिरवं की निळं, त्यावर 'मान्य' लिहावं की 'ठीक आहे', एवढंच माझं राज्य. आत डोकं कोणाचं चालतं, ते काय बरळतं... मला काय, मी बटणं काढतो.

उकडतंय ना? मलाही उकडतंय. असू दे.

तर तुम्हाला सांगतो, आधी मी सट्ट्याच्या दुकानांसाठी बटणं काढायचो. फुटबॉलवर पैसे लावा, लुकलुकणारं बटण. हरलात? परत लावा, त्याहून मोठं लुकलुकणारं बटण! आमच्या नोवी साद शहरात पावाच्या दुकानांपेक्षा ही दुकानं जास्त, कामाला तोटा नाही. पण आमचे सासरे पेन्शन घेऊन तिथंच ठाण मांडून बसायचे, आणि बोट माझ्याच बटणावर... रविवारी ते जेवायला समोर बसले की मला सूप गिळवेना. लाज वाटायची हो. म्हणून सोडलं. मग हा ओग्न्येन भेटला, माझा आत्ताचा मालक, वय माझ्याहून कमी आणि दाढी माझ्याहून जास्त. म्हणाला, रास्तको, आपण पृथ्वी वाचवू. म्हटलं वाचवू की, तिलाही बटणं लागतीलच!

त्यातून झाला झेलेन्को. म्हणजे एआयवाला मदतनीस, कचेरीतल्या प्रत्येक संगणकावर उजव्या कोपऱ्यात बसणार, दिवसभर बघणार आणि अदबीनं सुचवणार, की हा कागद छापू नका, कोणी वाचणार नाहीये. निश शहराला अर्धे रिकामे ट्रक कशाला पाठवताय, एकच भरून पाठवा. जेवायला निघालात तर पडदा तरी बंद करा... आणि खाली माझी बटणं. 'मान्य', 'नंतर' आणि 'का?'. ते 'का?' मी फार जीव लावून काढलं होतं. कोणी दाबलं नाही, पण काढलं होतं छान.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं लेस्कोवात्स गावात. आयवार, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची चटणी, बरण्यांत भरणारी कंपनी. तिथले संचालक मिलोरादसाहेब म्हणाले, उन्हाळाभर वापरून बघतो, माझ्या माणसांनी वापरलं तर घेतो, नाहीतर आपला नमस्कार. आणि ओग्न्येन मला बाजूला घेऊन म्हणतो, हे गेलं ना, तर सट्टेवाल्यांचा फोन येऊन पडलाय, मला हो म्हणावं लागेल. माझ्या डोळ्यांपुढं सासऱ्यांचं बोट आलं. तुम्हीच सांगा, माणसानं काय करावं? पण ठीक आहे, मी बटणं काढतो.

आणि जुलैच्या ऐन उन्हात, कचेरीतला एसी धापा टाकतोय, सगळे कॉफी घेताहेत, अशा वेळी या शहाण्यानं एकाच क्षणी सगळ्यांच्या पडद्यांवर सुचवलं... काय सुचवलं? एसी बंद करा, आणि सकाळच्या वेळी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडून आरपार वारा खेळू द्या.

प्रोमाया! म्हणजे हाच आरपार वारा, आमच्याकडं साक्षात यम! दिवसाढवळ्या, कचेरीत, लिहून, माझ्या गोल बटणासकट! हा शिकला बाहेरच्या पुस्तकांवर. तिथल्या लोकांना बहुतेक मान नसते, मूत्रपिंडं नसतात, कान नसतात. इथं तान्ह्या पोराला बोलता येण्याआधी कळतं की दोन खिडक्यांच्या मध्ये बसायचं नाही. आणि हा अदबीनं सुचवतोय!

तिथं हिशेबखात्यात देसामावशी आहेत. संचालक मिलोरादसाहेब, पण कचेरी मावशींची. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, परत वाचलं, आणि ज्यांना प्रोमायानं धरलं त्यांची नावं घ्यायला सुरुवात केली. व्रान्ये गावचा चुलतभाऊ, तोंड वाकडं झालं ते झालंच. शेजारीण, दातात वारं गेलं. दीर, त्याचं तर काय गेलं ते त्या बोलल्या नाहीत, नुसता हात हलवला. आणि मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर, झेलेन्कोच्या बरोब्बर तोंडावर, संत पेत्काचं चित्र चिकटवलं. दुपारपर्यंत सगळ्या पडद्यांवर संत पेत्का! एवढ्या पेत्का कुठून आणल्या, देव जाणे. आणि माझी बटणं तिच्या पदराखाली.

ओग्न्येननं मला पाठवलं. जा, पटवून दे. अरे, मी बटणं काढतो! नाही, तूच जा, तुझा चेहरा साधा आहे.

गेलो. आणि तिथं उभा राहिल्यावर, काय सांगू, माझंच डोकं फिरलं. म्हटलं, लोकहो, नुसता वारा आहे तो, वारा! आणि उघडल्या की मी दोन्ही खिडक्या, आणि राहिलो मधोमध उभा, पाठ घामानं ओली. वारा आला हो... काय गार वारा! बोलायला लागलो, ट्रक, कागद, पृथ्वी... आणि बघतो तर खोली रिकामी. एकेक जण कपबशी उचलून, माझ्याकडे न बघता, बाहेरच्या बोळात जाऊन उभा. संगणक आपोआप झोपले. आणि शेवटी जागा राहिलेल्या पडद्यावर, पेत्काच्या पायाशी, झेलेन्कोचं अभिनंदन झळकलं: आजवरची सर्वांत कमी वीज. शाब्बास!

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर मान... मान नाहीच. म्हणजे आहे, पण डावीकडं वळलेली, आणि तिथंच मुक्काम. तसाच कचेरीत गेलो, दाराशी बोलल्यासारखा सगळ्यांशी बोललो. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. देसामावशींनी मला खुर्चीत बसवलं, खणातून राकियाची, म्हणजे फळांच्या कडक दारूची, बाटली काढली, थोडी मानेला चोळली, थोडी मला पाजली, आणि स्वतःचा लोकरी मफलर गुंडाळला, जुलैत. आईनंतर माझी मान कोणी अशी चोळली नव्हती, मला भरूनच आलं.

मग त्या म्हणाल्या, "बाळा, तुझं यंत्र एवढं सगळं बघतं. हे का नाही बघत?"

झालं. मी वाकड्या मानेनं तिथंच बसून नवं बटण काढलं. लाल, मोठं, नाव 'प्रोमाया'. ज्याला खिडकी उघडायची त्यानं आधी ते दाबायचं, की समोरच्या खिडकीजवळच्या आणि दाराजवळच्या माणसांना झेलेन्को ओरडून सांगणार, लावा! सांगायचा मुद्दा काय, संत पेत्का त्याच दिवशी कोपऱ्यातून भिंतीवर गेल्या, आणि सगळी कचेरी दिवसभर त्या कोपऱ्यावर डोळा ठेवून! एकेक खिडकी बिनधास्त उघडायला लागली, एसी गप्प झाला, आणि नजर तिथंच असल्यामुळं येता-जाता ट्रकांवरही 'मान्य', कागदांवरही 'मान्य'. मिलोरादसाहेबांनी सही केली. ओग्न्येन परिषदांतून भाषणं देतो, की माणसाच्या सवयींचा आम्ही खोल अभ्यास केला. करू दे. सट्टेवाल्यांना नाही म्हणून कळवलं, रविवारी मी सूप पितो, दोनदा वाढून घेतो. सासरे जातात अजून तिथं, पण बटण आता दुसऱ्या कोणाचं आहे.

लोक विचारतात, रास्तको, तू शिकलासवरलास, तुझा खरंच विश्वास आहे का यावर? अहो, माझा विश्वास कशाला हवाय? विश्वास ज्याचा त्याचा, मला काय, मी बटणं...

ओ, मागचे दादा. तुम्ही आत्ता ती खिडकी उघडलीत ना? आणि हे समोरचं दार कोणी उघडं टाकलंय?

लावा आधी. मग बोलू.