किंचित कमी-जास्त

विबेके : वाकडं नाही म्हणाले मी, बाबा. किंचित कमी-जास्त म्हणाले.

थोर्किल : किंचित म्हणजे किती?

विबेके : ते आधीच ठरवलं तर पुन्हा मशीनसारखं होईल. तुमच्या मनानं करा.

थोर्किल : माझ्या मनानं केलं तर सारखं होईल. माझ्या मनात दुसरं काही नाही.

एस्बेन : मेस्टर, फळी शिकंज्यात लावलीय. ओकची आहे, दोन्ही बाजूंनी रंधा मारलेली.

थोर्किल : दिसतंय मला. विबेके, पुन्हा एकदा सांग. कोपनहेगनच्या त्या दुकानाला हत्यारांच्या पेट्या हव्यात.

विबेके : हो.

थोर्किल : कोपऱ्यांना शेपटीचे सांधे. एका फळीला पाकोळीच्या शेपटीसारखे दात, दुसरीला त्यांत अडकणाऱ्या खुंट्या. माझ्या आजोबांपासून या शेडमध्ये होतात तसे.

विबेके : हो, बाबा.

थोर्किल : ते सांधे आता एस्बेनचं मशीन कापतं, केसाचा फरक पडू देत नाही. आणि दुकान विचारतं, केसाचा फरक का नाही.

विबेके : दुकान नाही, गिऱ्हाईक विचारतं. लोक पेटी हातात घेतात, कोपरा बघतात आणि म्हणतात, ही हातानं केलेली वाटत नाही.

थोर्किल : नाहीच आहे.

विबेके : लेबलवर तसं लिहिलंय.

थोर्किल : मग लेबल हातानं केलं असेल.

विबेके : मशीन चालवायला हात लागतातच की. एस्बेनचे.

एस्बेन : मला यात ओढू नका. मी बटण दाबतो.

विबेके : हिवाळ्यात मशीन बंद पडलं तेव्हा तीन पेट्या तुम्ही आखल्या, तुम्हीच कापल्या. त्या तीन दुकानात आल्या तशा विकल्या गेल्या. दुकानवाली फोनवर म्हणाली, या पेट्यांमध्ये जीव आहे. सगळ्या तशाच द्या.

थोर्किल : जीव. कुठं दिसला तिला?

विबेके : सांध्यांत. म्हणाली, एका शेपटीसारखी दुसरी नाही.

थोर्किल : तिला कमी दिसत असेल. त्या सारख्या होत्या.

विबेके : असेल. एस्बेन, दिवा जरा इकडं ओढ.

थोर्किल : दिवा राहू दे. तर मी फळीवर आखायचं, एस्बेन फोटो काढून मशीनला दाखवणार, आणि मशीन माझ्या रेघांवरून कापणार.

विबेके : बरोबर.

थोर्किल : म्हणजे चूक मी करायची आणि ती अचूक कापायचं काम मशीनचं.

एस्बेन : असं कुणी मला नीट समजावलं नव्हतं आतापर्यंत.

थोर्किल : मग माझी एकच फळी घ्या. तिचाच फोटो सगळ्या पेट्यांना लावा.

विबेके : दुकानात पेट्या शेजारी शेजारी मांडतात, बाबा. सगळ्या एकसारख्या कमी-जास्त दिसल्या तर पकडले जाऊ. प्रत्येक फळी वेगळी हवी.

थोर्किल : या बाकावर मी कितीजणांना रडवलं, ठाऊक आहे ना? कशासाठी? कमी-जास्त आखलं म्हणून. तुलाही.

विबेके : मला सगळ्यांत जास्त.

थोर्किल : आणि आता तीच मुलगी म्हणते, बाबा, जरा बिघडवून द्या.

विबेके : बिघडवून नाही. असं समजा, एक चांगला सुतार आहे. मन लावून काम करतोय. फक्त तो माणूस आहे.

थोर्किल : नाव काय त्याचं?

विबेके : कुणाचं?

थोर्किल : या सुताराचं. त्याच्यासारखं आखायचं तर ओळख हवी.

एस्बेन : एगॉन घ्या.

थोर्किल : एगॉन चांगला सुतार नव्हता. त्याला मी कामावरून काढला.

एस्बेन : म्हणून तर. त्यानं केलेलं कपाट अजून माझ्या सासूकडे आहे. एका शेपटीसारखी दुसरी नाही. सासू म्हणते, रागावलेल्या माणसाचे दात आहेत.

थोर्किल : रागावलेला नव्हता. त्याचं लक्ष नसायचं. बरं, एगॉन तर एगॉन. पेन्सिल द्या. तो घड्याळाकडे बघत आखायचा. ही पहिली शेपटी, आत्ताच कामावर आलाय, ठीक आहे. ही दुसरी, इथं त्याला भूक लागली. ही तिसरी. रस्त्यावरून बेकरीवाली चाललीय. ही चौथी. ती परत चाललीय. घ्या, हुबेहूब एगॉन.

विबेके : बाबा, ही टिंगल आहे.

थोर्किल : एगॉन टिंगलच होता.

विबेके : कुणालाही कळेल, मुद्दाम केलंय म्हणून.

थोर्किल : मुद्दामच करायला सांगितलंस.

विबेके : मुद्दाम केलेलं दिसायला नको.

एस्बेन : शिवाय ती भुकेली शेपटी टिकायची नाही. बुडाशी एवढी बारीक झालीय की पेटी उचलली की तुटेल.

विबेके : जाऊ दे. एगॉनला घरी पाठवा. तुम्ही आपलं नेहमीसारखं आखा. सरळ.

थोर्किल : सरळ तर त्यांना नकोय.

विबेके : तुम्ही आखा, मग बघू.

थोर्किल : आणि कंपास घेऊन मोजा म्हणशील तर ते जमायचं नाही. या शेडमध्ये अंतरं नजरेनं घेतात.

विबेके : कंपास नकोच.

एस्बेन : कंपास मी कालच आत ठेवून दिलाय. विबेकेनं सांगितलं होतं.

थोर्किल : हो? पूर्वी ही कंपासशिवाय बाकाजवळ यायची नाही. सरका जरा, उजेड अडतोय. खतकसानं कडेला समांतर रेघ कुणी मारली?

एस्बेन : मी.

थोर्किल : चांगली आहे. कडेला अर्धी खुंटी, या बाजूला, त्या बाजूला. आता मधल्या शेपट्या. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं जागा बघायची, खूण करायची आणि खुणेकडे परत बघायचं नाही. परत बघणारा माणूस खोडरबर वापरतो.

विबेके : मला तुम्ही अंगठ्यानं तपासायला लावायचात. दोन रेघांच्या मध्ये अंगठा नेमका बसला पाहिजे म्हणून.

थोर्किल : तुला शंका असायची, म्हणून. शंका आली की अंगठा लावायचा. अंगठा खोटं बोलत नाही.

एस्बेन : तुम्ही नाही लावत?

थोर्किल : मला शंका नाही. हे घ्या. पाच शेपट्या, पाच बहिणी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. दुकानाला आवडायच्या नाहीत. मी कॉफी करून आणतो. वेलदोड्याचे पाव कुणी संपवले नसतील तर तेही.

विबेके : मी करते ना कॉफी.

थोर्किल : तू फळी बघ. कॉफी मला अजून जमते.

एस्बेन : गेले. मोजू?

विबेके : मोज.

एस्बेन : पहिल्या दोन ठीक. तिसरी थोडी रुंद. चौथी आणखी. पाचवी सगळ्यांत रुंद, आणि सगळ्या उजवीकडे किंचित झुकल्यात, फियोर्डच्या काठावरचं गवत झुकतं तशा.

विबेके : सुंदर आहे.

एस्बेन : आहे. मी मशीनला सांगून पाहिलं होतं, तुझं तू कमी-जास्त कर म्हणून.

विबेके : मग?

एस्बेन : एगॉन आला. विबेके, त्यांना दिसत नाहीये.

विबेके : माहीत आहे मला.

एस्बेन : काल त्यांनी खुंटीवरच्या माझ्या कोटाला विचारलं, आज लवकर आलास का. मी मागं उभा होतो. मीच कोटाच्या वतीनं हो म्हणालो.

विबेके : कशाला सांगतोस हे?

एस्बेन : ऑक्टोबरपासून तू रोज त्यांच्या मागं लागायचीस. मोतीबिंदू आहे, चला डॉक्टरकडे, अर्ध्या तासाचं काम. शेडच्या या टोकापर्यंत ऐकू यायचं. दुकानाचा फोन आल्यापासून मी एकदाही ऐकलं नाही.

विबेके : रोज नाही म्हणायचे ते. कंटाळले मी.

एस्बेन : बरोबर फोन आला त्याच दिवशी कंटाळलीस.

विबेके : ही ऑर्डर गेली तर शेडला कुलूप लागेल. हे त्यांना मी सांगायचं? नव्वद वर्षांच्या शेडचं? आणि तू काय करशील?

एस्बेन : बटणं सगळीकडे असतात. माझं सोड.

विबेके : फक्त ईस्टरपर्यंत. पेट्या एकदा गेल्या की मी स्वतः गाडीत घालून नेते त्यांना. 

एस्बेन : आणि लोकांना पेट्या आवडल्या, दुकानानं आणखी मागवल्या तर?

विबेके : तर तेव्हा बघू.

एस्बेन : तेव्हा त्यांना बघता येईल का, हा प्रश्न आहे.

विबेके : हळू बोल. येताहेत.

थोर्किल : पाव एकच उरलाय. तिघांत करा. एस्बेन, कप धर.

एस्बेन : बशीत पडतेय, मेस्टर.

थोर्किल : बशी त्यासाठीच असते. काय म्हणतात माझ्या बहिणी?

विबेके : छान आहेत. अशाच हव्यात.

थोर्किल : एवढ्या सरळ?

विबेके : हो. चालतील.

थोर्किल : मग कमी-जास्ताचं काय झालं?

विबेके : ते थोडं आपोआप येतंच. लाकडामुळे.

थोर्किल : लाकडामुळे. ती फळी आण इकडं.

(थोर्किल फळीच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवतो.)

थोर्किल : तिसरीत अंगठा हलतोय. पाचवीत अंगठा बसून शेजारी पाहुणा येईल.

विबेके : बाबा, मी सांगणार होते.

थोर्किल : कधी?

विबेके : ईस्टरनंतर.

थोर्किल : हिवाळ्यातल्या तिसऱ्या पेटीलाच कळलं होतं मला. कापून झाल्यावर हात फिरवला. गप्प बसलो. म्हटलं, विबेके बघेल, ओरडेल, पेटी फोडायला लावेल. तू ती कोपनहेगनला पाठवलीस.

विबेके : मशीन बंद होतं. द्यायला दुसरं काही नव्हतं.

थोर्किल : ऑक्टोबरपासून तू रोज डोळ्यांचं बोलायचीस. मग एकदम थांबलीस. मला वाटलं, बरे झाले की काय.

एस्बेन : मी बाहेर जाऊ का?

थोर्किल : पाव खा. शुक्रवारी तुझी बोडिलआत्या मला ऑपरेशनला नेतेय. एका वेळी एकच डोळा करतात, दुसरा काही आठवड्यांनी. मी डावा सांगितलाय.

एस्बेन : आखताना तुम्ही डावा मिटता ना.

थोर्किल : म्हणूनच डावा. उजवा ईस्टरनंतर.

विबेके : पण जास्त खराब कुठला आहे?

थोर्किल : उजवा. डॉक्टरही तेच म्हणाला, उजवा आधी करू. मी म्हटलं, तो सध्या कामावर आहे.

विबेके : असं म्हणालात?

थोर्किल : त्याला विनोद वाटला.

विबेके : त्याचा नंबर द्या. उजवा आधी करायचा. मी आत्ताच फोन करते.

थोर्किल : मग शेपट्या सरळ येतील.

विबेके : येऊ देत.

थोर्किल : दुकानाला काय सांगशील?

विबेके : सांगेन, आमचा सुतार दुरुस्त झाला.

एस्बेन : लेबलवर लिहू तसं.

थोर्किल : शेडचं काय?

विबेके : तुम्ही ऐकत होतात?

थोर्किल : कानांत मोतीबिंदू होत नाही.

विबेके : शेडचं मी बघेन. मशीनसारख्या पेट्या घेणारंही कुणी असेल. फोन कुठाय माझा?

एस्बेन : तुझ्या हातात.

थोर्किल : थांब, आधी हे ऐक. आज मंगळवार ना? म्हणजे शुक्रवारपर्यंत हा डोळा आहे तसा आहे. एस्बेन, फळ्या किती रंधून ठेवल्यास?

एस्बेन : भिंतीला लावलेला सगळा ढीग.

थोर्किल : आणायला लाग. जेवढ्या होतील तेवढ्या आखून ठेवू. डॉक्टरनं एकदा साफ केल्यावर हा माल मिळायचा नाही.

विबेके : असं नका करू माझ्यासाठी. मघाशी तर म्हणत होतात, मुद्दाम वाकडं जमणार नाही.

थोर्किल : नाहीच जमत. मी सरळच आखणार आहे.

विबेके : पण आता तुम्हाला ठाऊक आहे. हात सांभाळून घ्यायला बघेल.

थोर्किल : हात आधीही तेच बघत होता. दिवा राहू दे तिकडंच. लाव फळी. आणि विबेके—

विबेके : काय, बाबा?

थोर्किल : फोन झाला की इथं उभी राहा. मला मध्येच अंगठा लावू देऊ नकोस.