आखडता पाय

फिजिओच्या दवाखान्यात माझ्यासमोर बाप-लेक बसले होते. मुलीच्या गुडघ्याला पट्टा होता.

“आज उडी मोजणार ना गं?”

“हो. आधी चांगल्या पायावर, मग लिगामेंटच्या ऑपरेशनच्या पायावर. दोन्ही उड्या सारख्या आल्या, तर खेळायला सोडतील.”

“मग चांगला पाय जरा आखडताच घे.”

“बाबा.”

“अगं, परवा निवड आहे. उडी कमी मारली म्हणून कोण फाशी देतंय?”

“मागच्या खेपेला मी तेच केलं होतं.”

“तरी नापास?”

“ऑपरेशनचा पाय त्याहून आखडता घेतला.”

“दुखत होता?”

“नाही.”

“मग दुखतंय तरी कुठे?”

“कुठेच नाही. निवडीचं नाव निघालं की खेळणंच नको वाटतं.”

“ऑपरेशनपासून?”

“नाही. गुडघा धड होता तेव्हापासून.”

आतून हाक आली, “व्हॉलीबॉलवाली मुलगी, आत ये.”

“जा. नीट मार उडी.”

“कोणत्या पायाने?”

“तुझं तू ठरव. मी आज नेहमीसारखा दाराच्या काचेतून बघत नाही.”