दहापैकी आठ

नाही नाही, उठाचं नाही सर — उठता येत नाही तं उगा काहून धडपडता? पडून राहा. उशी मी सरकवते. हां, असं. काकू चहा ठेवाले गेल्या, तोवर आपलं काम उरकून घेऊ. काम काय म्हनजे? सांगतलं ना आताच — तुमाले समजते का नाही, ते पाहाचं हाय. डॉक्टरनं अंकुरले सांगतलं, लकव्यानं वडिलांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आता समज उरली का तेही गेली, ते कोन्या मानसशास्त्रवाल्याले दाखवून घ्या. मंग काकूनं मलेच फोन लावला. म्हनल्या, ललिता, तू तं घरचीच, यायच्या हाताखाली शिकली, आता यायच्याच खुर्चीवर बसतं, तुह्याशिवाय कोनाले बोलवू? मी म्हटलं, येते ना काकू. अमरावतीहून बडनेऱ्याले याले लागते किती? तुमाले झटका आल्यापासून एकदाही आली नोती, ते सोडा, कॉलेजच्या कामातून सवड कुठं भेटते. चांगले दिसता. नाही, खोटं काहून बोलू — नाही दिसत चांगले. लाळ आली. थांबा, पुसते.

पद्धत एकदम सोपी. तुमचा डावा हात माह्या हातात. एकदा दाबलं म्हनजे हाव, दोनदा दाबलं म्हनजे नाही. प्रश्न दहा. काहून दहाच? नमुना आधी ठरवाचा, मंग मोजाले बसाचं, हे तुमीच घोकून घेतलं आमच्याकडून. मोजनीच्या मंधात काही बदलाचं नाही. आन शून्य परिकल्पना काय? — मानूस रिकामा हाय असं धरून चालाचं, तो भरलेला हाय हे त्यानं सिद्ध कराचं. किती गोड वाटाचं आमाले हे फळ्यावर! आज तुमी खाटीवर, मी खुर्चीवर, तरी नियम तोच. तुमी रिकामे हा सर. आता दाखवा मले, नाही म्हनून.

तुमचं आडनाव गावंडे? — हाव. आपन आता बडनेऱ्याले हाओत? — हाव. अंकुर तुमचा भाऊ? — दोनदा, बरोबर, पोरगा हाय. नवापेक्षा सात मोठे? — नाही. चिखलदरा अकोला जिल्ह्यात येते? — अरे बाप्पा, किती जोरानं दाबता! नाही येत, मले माहीत हाय नाही येत, तुमी तं नकाशाच काढून दाखवसान आता. पाच झाले. पाचही बरोबर. पहा, रंग चढला तोंडावर. परीक्षा म्हटली का पोरं घाबरतात आन तुमी खूश. हे पाचाचं काकूले एवढ्यात सांगू नका हं. — हाव ना, मी पन काय म्हनते, तुमाले सांगता कुठं येते.

कॉलेजचं इचारता? बरं चाललं. पोरी अजूनही तश्याच येतात — दर्यापूर, अचलपूर, चांदूरकडच्या, गणित सुटावं म्हनून मानसशास्त्र घेतात, त्यायले वाटते इथं मन वाचाले शिकवतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर मध्यमान, प्रमाण विचलन लिहिलं का चेहरे पहा तुमी! यंदा एक प्रतीक्षा म्हनून हाय, बोलाले लय धीट. मले म्हनते, मॅडम, मानसाच्या मनाची सरासरी कशी काढता येईन? प्रश्न वाईट नोता. पन पहिल्या दिवशी असा प्रश्न चालू देला का वर्ग हातातून जाते. मी तिले फळ्यापाशी उभं केलं. पूर्ण वर्गाचे बारावीचे टक्के लिहाले लावले. सरासरी काढ म्हटलं. काढली तिनं. मंग म्हटलं, आता तुहे टक्के पुसून पुन्हा सरासरी काढ. काढली — एकानं वाढली. म्हटलं, समजलं काय बाई, तू नसली का वर्ग सुधरते, याले म्हनतात टोकाचा अंक. सगळ्या हसल्या. तेही हसली, मंग तिले हसनं थांबवता आलं नाही, मंग रडली. येत नाही आता. डोळे काहून मिटून राहिले सर? उघडा. हा सहावा प्रश्न समजा — ही रीत तुमचीच ना? आमच्या वर्गात दरसाल एकीले फळ्यापाशी उभं करून तुमी हेच करत होते ना? — एकदा. हाव. बरोबर. खोटं बोलले असते तं गुण गेला असता.

मध्यमान आन मध्यांक एकच असते? — नाही, शाबास. माहं नाव ललिता? — हाव. झाले आठ. आठच्या आठ. खरं सांगू, मले एवढं वाटलं नोतं. आता दोन राहिले आन तुमाले हे माहीत पाहिजे का या दोहोंवर काय हाय. काकूनं तुमच्यापासून लपवलं असन, मी नाही लपवत. अंकुर संध्याकाळच्या गाडीनं येऊन राहिला. समजत असन तं तुमी घरीच — बोलनं शिकवनारी बाई रोज येईन, काकू जवळ असतीन, खिडकीतून हे कडुनिंबाचं झाड दिसन. समजत नसन तं अकोल्याले, जठारपेठेच्या मांगं एका हॉलमंदी असे पेशंट ठेवतात, तिथं. मी पोरींले घेऊन गेली होती भेटीले. सोय हाय, नाही म्हनत नाही. पन बोलत कोनी नाही तिथं कोनाशी — समजत नसलेल्या मानसाशी बोलाचं तरी काय? अंकुर म्हनते, ललिताताई जे सांगतीन ते. पोरगा समजदार हाय. जिथं आपल्याले कळत नाही तिथं जानकाराचं ऐकाचं, हे तुमीच शिकवलं असन त्याले.

नववा घेऊ? माह्या एम.ए.च्या प्रबंधाचा हाय. आठवते काय — परीक्षेची भीती, खेड्यातल्या पोरी आन शहरातल्या पोरी. बाप एसटीत कंडक्टर, पास होता, म्हनून शाळा शाळा फिरता आलं मले. वरूड पाहिलं, मोर्शी पाहिलं, परतवाडा पाहिलं. बाकीच्यायनं तं घरी बसून प्रश्नावल्या भरल्या होत्या सर, सारं डिपार्टमेंट जानत होतं, तुमीही जानत होते. मी एकेका पोरीसमोर बसली. आन निकाल आला पॉइंट झिरो फाइव्ह टू. हद्द पॉइंट झिरो फाइव्हची — फरक नुसत्या योगायोगानं आला असन याची शक्यता शंभरात पाचाच्या खाली पाहिजे. मी तुमच्या केबिनमंदी आली, म्हटलं, सर, चार पोरी अजून घेऊ काय, एवढ्यासाठी अडलं. तुमी काय म्हनले? — वाढलेलं पाहून पंगतीत बसतात काय बाई? तिथपर्यंतही ठीक होतं, नियमच तो. पन मंग तोंडी परीक्षेले बाहेरच्या परीक्षकासमोर, साऱ्या वर्गासमोर म्हनले — फरक सार्थक नाही, जशी विद्यार्थिनी तसा निकाल. आन तुमच्या साडूचा नितेश, त्याचं पॉइंट झिरो सिक्स होतं, ते झालं 'जवळपास सार्थक', त्याले पहिला वर्ग. मी नापास. बाप म्हनला, बस झालं आता. दोन साल अंगनवाडीत खिचडी शिजवली मी, तेव्हा कुठं पुन्हा फॉर्म भरू देला त्यानं.

रागानं नाही बोलून राहिली हं. राग काहाचा? आज मी जे हाय ते त्याच्यामुळंच, असं मी तुमच्या निरोप समारंभात माइकवर बोलली होती, तुमी डोळे पुसले होते. तं नववा प्रश्न — तुमी मले नापास केलं, ते बरोबर होतं काय? — घाई नाही. विचार करा. — एक. — आन दोन. दोनदा दाबलं तुमी. नाही म्हनता. बरोबर नोतं म्हनता. आन हे पानीही आलं डोळ्यात. वीस वर्ष झाली असतीन सर, मी तुमच्या तोंडून हेच ऐकाची वाट पाहून राहिली होती. कितीदा वाटलं, आता म्हनतीन, स्टाफरूममंदी चहा पेता पेता म्हनतीन, ललिता, तुह्यावर अन्याय झाला. नाही म्हनले. तोंड होतं तेव्हा नाही म्हनले. — पन उत्तर चुकलं सर. फाइव्ह टू हे फाइव्हपेक्षा मोठंच असते. नियमानं नापासच कराले पाहिजे होतं. बरोबर उत्तर 'हाव' होतं. असे काहून पाहता माह्याकडं? उत्तराची चावी ज्याच्या हातात, तो म्हनन ते बरोबर, आमाले तं हेच शिकवलं.

दहावा. काकू या खोलीत हायेत काय आता? — एक — थांबा, फोन वाजून राहिला माहा. हॅलो. हाव, बडनेऱ्याले. घरचीच भेट हाय, येते अर्ध्या तासात. ठेव. — हां, तं एकदा दाबलं तुमी. एकदा म्हनजे हाव. काकू तं स्वयंपाकघरात हायेत. हात मी काढून घेतला म्हनता? फोन घ्याले काढला ना, दुसऱ्या हातात पर्स होती. तुमी दुसऱ्यांदा दाबनार होते, बोटं हवेत हालली तुमची, मी पाह्यलं. पन हवेतलं कसं धरता येईन? हातात आलं तेवढंच मोजाचं. पुन्हा इचारू? पुन्हा कसं इचारता येईन सर, वाढलेलं पाहून पंगतीत बसल्यासारखं होईन ते.

दहापैकी आठ. वाईट नाही तसं. पन एखाद्यानं काही न समजता नुसतं छापा-काटा केल्यासारखं दाबत राहिलं, तरी शंभरात साडेपाच वेळा आठ नाहीतं त्याच्याहून जास्त बरोबर येतात. तुमची हद्द पाचाची. नऊ असते तं सवालच नोता, मीच पेढे आनले असते. अर्ध्यानं गेलं सर. मले समजते कसं वाटते ते.

या काकू, या. चहा तिथं ठेवा. हाव, झालं पाहून. — तुमी बसा आधी. काकू, मी तुमाले खोटी आशा देनार नाही. सरांले समजत नाही. — हाव, हात दाबतात, मलेही दाबला, पन ते प्रश्न ऐकून नाही दाबत, आपसूक होते ते. — तुमाले ओळखतात असं वाटनारच, घरच्या मानसाले वाटतेच. मोजून पाह्यलं ना मी, सरांच्याच पद्धतीनं. — अंकुरले मी सांगते, तुमी नका सांगू, तुमच्यानं होनार नाही. जागा चांगली हाय अकोल्याची, महिन्यातून एकदा भेटू देतात. — रडू नका काकू. त्यायले काय दुःख, त्यायले समजतच नाही तं. — अगाई! — नाही, काही नाही, हात धरला माहा. ताकद पहा किती. एकदा, दोनदा — थांबतच नाहीत, सारखं दोनदा दोनदा. — नाही हो काकू, काही सांगून नाही राहिले, झटके असतात असे. तुमी तेवढी बोटं सोडवा बरं माही.