सुनेचा हात

फिजिओथेरपीच्या बाकावर माझ्या शेजारी एक सासू आणि तिची सून बसल्या होत्या. सासूबाईंची छाती घरघरत होती.

"काल कफ सुटलाच नाही. सकाळपासून श्वास पुरत नाहीये. तू पाठ थोपटत होतीस की मला झोपवत होतीस?"

"आई, तुमच्यावर हात उचलायला भीती वाटते हो."

"हाताची वाटी करून चांगलं जोरात थोपटा, असं इथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी तुझ्यासमोरच सांगितलंय ना? परवा कसं छान जमलं होतं! वाटीभर कफ पडला."

"परवा तुम्ही माझ्या माहेरच्यांना नावं ठेवत होतात."

सासूबाई खोकल्या.

"बरं. मग आज कुशीवर वळले की तुझ्या भावापासून सुरुवात करते."