सतरा नंबर कुणाचा

बल्गेरियातल्या प्लोव्दिव्हच्या सरकारी दवाखान्यात झ्द्राव्का ब्लडप्रेशर तपासून घ्यायला बसली होती. समोरच्या बाकड्यावर एक म्हातारी, आणि तिच्या दोन बाजूंना तिचे टक्कल पडलेले दोन मुलगे.

"दादा, काल पुन्हा बिल्डिंगच्या सामायिक फोल्डरमधला भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ मध्येच बंद पडला. तू कॉम्प्युटर लावलास की माझं कनेक्शन जातं."

"मी पहिल्यापासून सतरा आहे."

"आपल्या जिन्यातल्या नेटवर्कवर ज्याचा जो फ्लॅट, तोच त्याच्या कॉम्प्युटरचा नंबर. माझा फ्लॅट सतरा."

"फ्लॅट दोघांचा. तू मध्ये भिंत घातलीस म्हणून नंबर तुझा होत नाही."

"अरे, एका नंबरावर दोघं आले की राउटर गोंधळतो. तू अठरा घे."

"अठरा शेजारच्या पेन्काचा. तिच्याकडे राहायला जाऊ?"

"मग एकशेसतरा घे."

"थोरला मी, आणि शंभर घरं मागे जाऊन बसू?"

"बरं बाबा, मीच घेतो एकशेसतरा. आईदेखत सांगतो."

"काही नको. मी परवाच झालोय एकशेसतरा. तुझी कटकट ऐकवेना."

"परवा? मग काल मला कुणी बाहेर काढलं?"

म्हातारीनं पिशवीतून टॅब्लेट काढला आणि चष्मा पुसला.

"मी. संध्याकाळी ह्यावर पत्ते खेळते. सतरा नंबर मीच घालून घेतलाय."

"अगं आई, पण सतराच कशाला?"

"फ्लॅट अजून माझ्या नावावर आहे."