गडव्यातला गुण

कौसल्या : अवं, पर्स तरी खाली ठेव. पानी पे. सावनेरवरून, माहेरून आली तशी त्या माश्याईच्या टाकीलेच जाऊन चिपकली.

कामिनी : आई, हे असं कधीपासून आहे?

कौसल्या : कसं?

कामिनी : सगळे कोरल मिटलेले आहेत. एक पण उघडं नाही. आणि गोगलगायी बघा ना, काचेवरच्या सगळ्या खाली वाळूत पडल्या.

कौसल्या : मले वाटलं झोपल्या असन. एवढी तपन, मानसालेच आळस येते. मासे तर चांगले फिरून राहिले. मी पुढं गेली का धावत येतात पोट्टे.

कामिनी : आणि डॉक्टर?

कौसल्या : थो झिंगा कालपासून दिसला नाई बाप्पा. मी आवाज बी दिला त्याले. दगडामागं असन, कोन्या माशाचे गाल साफ करत.

कामिनी : दगडामागंच आहे. उताणा पडलाय.

कौसल्या : मेला?

कामिनी : हो.

कौसल्या : काल सकाळी तं माह्या समोर त्या पिवळ्या माशाच्या तोंडात घुसला होता. चांगला होता वं.

कामिनी : लाईन गेली होती का?

कौसल्या : एकडाव गेली, लगेच आली. थंड करायचं मशीन चालूच होतं, मी कान लावून पाहात जाय. अन् उडून गेलेलं पानी रोज भरलं, त्या आरओच्या कॅनमधलंच. मीठ नाई टाकलं. तू म्हनली होती ना का पानी उडते, मीठ खालीच राहाते, म्हनून वरून सादं पानीच द्यायचं. माह्या ध्यानात होतं सगळं.

कामिनी : बरोबर आहे. मीठ पण बरोबर आहे, थंडावा पण बरोबर आहे. मग झालं काय? आई, कोणी अगरबत्ती, फवारा, मच्छरचं काही...

कौसल्या : नाई वं. देवाची अगरबत्ती बी मी अंगनात लावली. धूर होते म्हनून.

कामिनी : थांबा. पाणी फिरवणारी खालची टाकी उघडते. हे... आई, हे काय आहे?

कौसल्या : गडवा हाय, पानी प्याचा लोटा.

कामिनी : तांब्याचा?

कौसल्या : तांब्याचाच. चिंचेनं घासून, धुऊन ठेवला होता. खराब नाई थो.

कामिनी : आतमध्ये कसा आला?

कौसल्या : मीच ठेवला. तू गेली अन् थे जांभळं कोरल मले मलूल दिसलं. तुले फोन करनार होती. मंग म्हनलं, तिकडं बापाच्या खुब्याचं ऑपरेशन, पोरगी दवाखान्यात बसून, तिले कायले घोर लावू? घरात कोनाचं पोट बिघडलं का मी तांब्यातलंच पानी देते. दुर्गेशच्या बाबाले कावीळ झाली होती तवा बी देत होती. म्हनलं, वरची टाकी नको, खालच्या टाकीत ठेवते, फिरत फिरत गुन लागन सगळ्याईले.

कामिनी : थांबा, हा बाहेर काढते.

कौसल्या : काहून वं? तुह्या तोंडाचा रंग काहून उडाला?

कामिनी : काही नाही. मला बादल्या द्या. सगळ्या. आणि मिठाचं पोतं.

कौसल्या : तांब्यानं झालं का हे?

कामिनी : आई, बादल्या द्या आधी.

दुर्गेश : काय बे, हॉलमध्ये तलाव काहून केला? दुकानातून दोन घास खाले आलो तं पाय ठेवाले जागा नाही. कामिनी, तू कधी आली?

कामिनी : आत्ताच. तो पाइप धर दुर्गेश, जुनं पाणी मोरीत सोडायचं आहे. हळू, माशांना धक्का नको.

दुर्गेश : झालं काय पण?

कामिनी : पाण्यात तांबं गेलं. माशांना चालतं थोडंफार. कोरलला, झिंग्याला, गोगलगायीला ते जहर आहे.

दुर्गेश : तांबं गेलं कसं? उडून आलं का?

कामिनी : मी नीट सांगून गेली नव्हती. काय टाकायचं ते सांगितलं, काय नाही टाकायचं ते राहूनच गेलं.

कौसल्या : खोटं नको बोलू वं माह्यासाठी. दुर्गेश, म्या टाकलं. गडवा म्या ठेवला.

दुर्गेश : आई, तू पण ना! काहून हात लावते? पूरा सालभर ती या टाकीमागं पागल झाली होती. शनिवार नाही पाहिला, इतवार नाही पाहिला.

कामिनी : दुर्गेश.

दुर्गेश : मी तं पहिलेच बोललो होतो, नागपुरात समुंदर कायले पाहिजे. घोडाझरी तलावाचं पाणी पाहून ये, झालं. आता हे काढून टाकू अन् बाबांचा दिवाण परत इथं लावू. आईलेही बसाले बरं.

कामिनी : डॉक्टर गेला, पण कोरल अजून मेलं नाहीये. मिटलंय फक्त. पाइप धर नीट.

कौसल्या : मी आतमध्ये जाऊन बसते. मी इथं राहिली का काही ना काही करतेच.

(काही दिवसांनंतरची सकाळ. स्वयंपाकघर.)

कामिनी : आई, चहा इथंच घेणार का आज पण?

कौसल्या : इथंच बरं हाय. हवा लागते.

कामिनी : ओट्याजवळ? शेगडी चालू असताना?

कौसल्या : मले लागते. तुह्या बाबाले कसं हाय आता? चालून राहिले का?

कामिनी : वॉकर धरून अंगणापर्यंत जातात. बाबा कोणाचं ऐकतात का? नर्सलाच रागावतात. तुमची आठवण काढली. म्हणे विहीणबाईंना सांग, माझ्यामुळं त्यांच्यावर भार पडला.

कौसल्या : भार कायचा? भार तं मी टाकला तुह्यावर.

कामिनी : तुम्ही हॉलमध्ये येतच नाही त्या दिवसापासून.

कौसल्या : तू मले एक शब्द बोलली नाई, कामिनी. दुर्गेश बोलला, थे बरं वाटलं. तू चूपचाप बादल्या उचलत राहिली. चिल्लावली असती तं माह्या जिवाले बरं झालं असतं.

कामिनी : राग आला होता मला.

कौसल्या : मंग?

कामिनी : खूप आला होता. नळ सोडून रडली मी बाथरूममध्ये. डॉक्टरला कागदात गुंडाळून तुळशीत पुरला ना, तेव्हा तर वाटलं, तो गडवा उचलून गॅलरीतून फेकून द्यावा.

कौसल्या : फेकाचा होता.

कामिनी : मग तुम्ही मागून आल्या आणि त्याच्यावर माती लोटली. हातानं. तुमचे डोळे माझ्यापेक्षा लाल होते. आई, टाकी लावली तेव्हा आठवतं? कितीतरी महिने नुसतं खारं पाणी आणि दगड होते त्यात. दगडावर पाणी साफ ठेवणारे जंतू वाढू द्यावे लागतात आधी, घाई केली तर सगळं मरतं. दुर्गेश पाहुण्यांना सांगायचा, आमच्या घरी दगड पाळलेत.

कौसल्या : माह्या बहिनीले बी सांग्तलं होतं त्यानं. हासून हासून मेली थे.

कामिनी : टाकीसाठी मी दिवाण काढला म्हणून तुम्ही तेव्हा माझ्याशी बोलत नव्हत्या. पण खुर्ची आणून त्या दगडांपुढं बसायच्या.

कौसल्या : कूलरची हवा येत होती तिथं.

कामिनी : कूलर तेव्हा बेडरूमला होता.

कौसल्या : हो का?

कामिनी : त्या दगडांकडं बघत बसणारी माणसं घरात आपण दोघीच होतो. आज माझं पाठीचं दुखणं वर आलंय. पाणी बदलायचं आहे. मला तुमचा हात पाहिजे.

कौसल्या : माह्या हातानं नको वं. माहा हात लागला का...

कामिनी : तुमच्या हाताला काय झालंय? तांबं गडव्यात होतं. गडवा माळ्यावर आहे. या.

कौसल्या : मले सांगशीन मंग, काय नाई करायचं थे? सगळं?

कामिनी : सगळं. तांबं, पितळ, जस्ताची बादली काहीच चालत नाही. हाताला साबण, क्रीम, हळद नाही. आणि तुम्हाला काही मलूल दिसलं तर फोन. मी दवाखान्यात असो नाही तर ऑफिसात. घोर लागू द्या मला.

कौसल्या : बरं. बांगड्या काढते.

कामिनी : काचेच्या आहेत, राहू द्या.

कौसल्या : नाई, काढतेच. या बादलीत किती मीठ टाकू?

कामिनी : टाका, मी सांगते. आता फिरवा. अजून. आता हा थेंब या मीठ मोजायच्या नळीच्या काचेवर घ्या आणि खिडकीकडं धरून आत बघा. निळं-पांढरं जिथं मिळतं तिथं मीठ वाचायचं.

कौसल्या : दिसते. थांब, चश्मा... हां. मधल्या रेघेच्या जराशीक खाली हाय.

कामिनी : मग?

कौसल्या : मंग अजून मूठभर टाकावं लागन.

कामिनी : टाका.

कौसल्या : आता आलं बरोबर. पाहाय तू बी.

कामिनी : मी नाही बघत. तुम्ही बघितलं ना? ओता. धार काचेवरून सोडा, वाळू उडू नये.

कौसल्या : ही काळी थैली कायची लटकली?

कामिनी : पाण्यातलं तांबं ओढून घेते ती. टेस्ट केली काल, आता उरलं नाही जवळजवळ.

कौसल्या : थे जांभळं?

कामिनी : ते गेलं आई. ते नाही वाचणार. बाकीच्यांचं अजून सांगता येत नाही.

कौसल्या : हं.

कामिनी : पुढच्या महिन्यात नवीन झिंगा आणू. एवढ्यात नको, पाणी आधी नीट बसू दे.

कौसल्या : घाई नको करू. कामिनी, जरा इकडं ये.

कामिनी : काय झालं? पाणी सांडलं का?

कौसल्या : नाई. त्या सपाट दगडाच्या बाजूले, सावलीत. मसुराच्या दान्याएवढं काही हाय. लालसर. थे कोन आनलं?

कामिनी : कुठं? तिथं तर मी काही लावलंच नव्हतं. सरका जरा... आई! आपल्या लाल मशरूम कोरलचं पिल्लू आहे ते. त्याचा तुकडा सुटला असेल, जाऊन चिकटला तिथं. नवीन फुटलंय!

कौसल्या : आपल्याच घरी झालं म्हन की.

कामिनी : आपल्याच घरी. थांबा, दुर्गेशला बोलावते. दुर्गेश! अरे, इकडं ये लवकर!

कौसल्या : हळू बोल वं. उघडून राहिलं थे.